भरल्यावर सुटणारं विमान

मुंबई ते सिंगापूर अंतर तीन हजार नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. हे मला तोंडपाठ आहे. भूगोलाशी माझं कधी जमलं नाही, मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघणारी बाई; पण आईने हे दोन आकडे मला इतक्या वेळा विचारले की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकली की निळ्या समुद्रावरून एक रेघ उमटायची. आई त्या रेघेवरून बोट फिरवायची. मध्ये गाडी कुठे थांबते, हा तिचा ठरलेला प्रश्न. कुठेच थांबत नाही म्हटलं की ती माझ्याकडे संशयाने बघायची. इतका वेळ माणूस चहा प्यायला उतरत नाही, हे तिला पटत नसे.

आमचं गाव सुरगाण्याच्या पुढे, गुजरातच्या अंगाला. माझं घर नाशिकला, पेठ रोडवर. तिथून निघालं की वणीवरून सुरगाण्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप. एसटीला वेळ असते, निदान फळ्यावर तरी. जीपला ती नसते. जीप भरल्यावर सुटते. ड्रायव्हर टपरीवर बसून राहतो, आत बसलेली माणसं घामाघूम होतात, कोणी कोंबडी घेऊन येतं, कोणी खताची गोणी, आणि शेवटचा माणूस मागच्या बाजूला लटकला की मग तो तोंड धुऊन उठतो. त्याला कोणी घाई करत नाही. करून उपयोगही नसतो. मुंबईहून सिंगापूरला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आम्ही नाशिकहून घरी पोचलो तर दिवस बरा गेला म्हणायचा. ही गंमत मी कचेरीत सगळ्यांना ऐकवत असे. आता नाही ऐकवत.

वडील लवकर गेले. भात झोडून झालं की आई आम्हाला आश्रमशाळेत सोडायची आणि गावातल्या इतर बायांबरोबर पिंपळगावच्या बाजूला द्राक्षाच्या मळ्यांत कामाला जायची. अशी कित्येक वर्षं तिने काढली. मी शिकले, नोकरीला लागले, नाशिकचीच झाले. भाऊ माझ्याहून बराच लहान. तो आयटीआय करून आधी सातपूरला एका कारखान्यात होता, मग सिंगापूरला, जहाजं दुरुस्त करतात त्या गोदीत लागला. आमच्या पाड्यावरून समुद्र पाहिलेली माणसंच मोजकी, आणि हा समुद्र ओलांडून जहाजांच्या पोटात शिरणार होता. आईने पाड्यावर घरोघर जाऊन हे सांगितलं.

त्याला पहिल्यांदा सोडायला आम्ही गावचीच जीप ठरवून गेलो होतो. आई, मी, माझा नवरा आणि काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. कसाऱ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झालेला, त्यात आमचा सगळा वेळ गेला. विमानतळाबाहेर जीप थांबली तेव्हा भावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने टपावरची बॅग ओढून काढली, आईच्या पाया पडल्यासारखं केलं आणि तो पळत सुटला. काचेच्या दाराशी कागद दाखवताना एकदा मागे वळून त्याने हात केला, तेवढंच. आईने त्याच्यासाठी नागलीच्या भाकरी बांधून आणल्या होत्या. ते गाठोडं तिच्या हातातच राहिलं.

आम्ही बराच वेळ तिथे उभे राहिलो. का, ते आमचं आम्हालाच माहीत नव्हतं, दिसत तर काहीच नव्हतं. मग आईने काकांना विचारलं, "भरली असल का आता?"

आम्ही सगळे हसलो. तिला वाटत होतं, विमानही भरल्यावर सुटतं. काका तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि परतीच्या वाटेवर घाटात त्याच भाकरी खाताना पुन्हा हसले. भाऊ पोचल्यावर फोनवर मी त्याला हे सांगितलं, तर तोही हसता हसता रडला. परक्या जागी पहिली रात्र होती त्याची. काकांनी गावभर ही गोष्ट केली, आणि मग ती आमच्या घरची कायमची थट्टा झाली. आई रागवायची नाही. थट्टेत तीही हसायची.

पहिली दोन वर्षं तो आला. येताना आईसाठी छत्री आणायचा. त्याला आईसाठी दुसरं काही सुचतच नसे. निघताना दर वेळी मला म्हणायचा, "साडेपाच तास तर आहेत, ताई. मनात आलं की निघालो." मलाही ते खरं वाटायचं. सुरगाण्याहून माझ्याकडे यायला आईला त्याहून जास्त त्रास व्हायचा. मी तर म्हणायचे, आमचा भाऊ आमच्या गावापेक्षा जवळ राहतो.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. आमच्याकडे नवं भात आलं की ते कोणी तसंच शिजवून खात नाही. ते कणगीत भरून ठेवतात. मग एक दिवस ठरवून घरची सगळी माणसं एकत्र बसतात. पळसाची पानं मांडतात. एक पान कणसरीचं, म्हणजे आमच्या धान्यदेवीचं. एकेक पान घरातल्या गेलेल्या माणसांचं. ती पानं भिंतीकडेला. आणि समोर घरातली जिती माणसं, ज्याची त्याने आपलं पान घेऊन बसायचं. पहिला घास सगळ्यांनी एकदम घ्यायचा. त्याला आम्ही नवं खाणं म्हणतो. आई मळ्यात कामाला जायची तीसुद्धा नवं खाऊन मगच. मुकादमाची गाडी दारात उभी असली तरी ती आधी आम्हाला जवळ बसवून नवं खायची, आश्रमशाळेत सोडायची आणि मगच गाडीत बसायची.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला आईला धाप लागायला लागली. मी तिला नाशिकला आणलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हृदय दमलं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, आणि मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. त्यानंतर आई माझ्याकडेच राहिली. भात काकांनी कापलं, झोडलं, आमच्या कणगीत भरून ठेवलं. आईला एकाच गोष्टीची आस होती. दिवाळीला पोरगा येईल, मग सगळ्यांनी गावी जायचं, नवं खायचं. हे शेवटचं असेल असं ती म्हणाली नाही. मला ते कळत होतं आणि तिलाही कळत असावं.

दिवाळीला तो आला नाही. वरचा साहेब बदलला होता, रजा नामंजूर झाली. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज अडखळत होता. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "भरली नाय का रं गाडी?"

मग तो हसला, आणि त्याने तो धागा पकडला. "नाय भरली, आये. दोनच माणसं आली. डायवर बोलला, उद्या या."

"मग असू दे," आई म्हणाली. "भरल तवा ये."

त्या दिवशी मीही हसले. बरं वाटलं होतं मला, खोटं कशाला बोलू. रडण्यापेक्षा ते बरं होतं.

पण संक्रांतीलाही तेच झालं. नंतर शिमग्याला. शिमगा म्हणजे आमच्या भागात सगळ्यात मोठा सण, कुठे कुठे कामाला गेलेला माणूस शिमग्याला घरी येतोच. दर वेळी भाऊ तारीख सांगायचा, दर वेळी ती पुढे ढकलायचा आणि दर वेळी आई विचारायची, भरली नाय का. तोही म्हणायचा, नाय भरली आये, एकच शीट कमी पडलं बघ. आता तो हसत नव्हता, घाईघाईने म्हणायचा. त्याची सुटका करायला आईने एक दार उघडून ठेवलं होतं आणि तो दर वेळी त्यातून निसटत होता. मला त्या थट्टेची चीड यायला लागली.

मी त्याला एकदा चांगलंच फैलावर घेतलं. आईची तब्येत काय आहे ते स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, करार संपत आला आहे, या दिवसांत रजा मागितली तर पुढचा करार होणार नाही, मग घर चालायचं कसं. म्हणाला, मे महिन्यात नक्की. वर पुन्हा तेच, साडेपाच तास तर आहेत, तसं काही वाटलं तर एका दिवसात पोचतो. मी म्हटलं, तसं काही वाटेपर्यंत थांबू नकोस. माझा भाऊ वाईट नाही. कधीही निघता येतं अशा ठिकाणी राहणारा माणूस निघत नाही, एवढंच.

शिमगा गेल्यावर मी आईला म्हटलं, आपण गावी जाऊ, त्याचं पान मांडून ठेवू आणि नवं खाऊन घेऊ. काका आहेत, मी आहे. देव काही हजेरी घेत नाही.

आई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. मला ती लहानपणी रागवायची त्या आवाजात म्हणाली, "जित्या माणसाचं पान मांडून ठेवत नसतात. बिनमाणसाचं पान मेलेल्याचं असतं. माझ्या पोराचं पान मी भिंतीकडं मांडू?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही. आईने नवं खाल्लं नाही. माझ्याकडे दुकानाचा तांदूळ होता, तो ती खायची, नागलीची भाकरी खायची. गावाकडून कोणी आलं आणि भाताची पिशवी घेऊन आलं, तर ती पिशवी उघडू द्यायची नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारच्या बाई बसायला आल्या होत्या. या बौद्ध कुटुंबातल्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आईवर त्यांचा जीव होता. त्यांनी सहज विचारलं, मुलगा कधी येतोय. आई म्हणाली, त्याचं विमान भरत नाही. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्या गेल्यावर माझा तोल गेला. मी आईला सरळ सांगितलं की विमान भरल्यावर सुटत नाही. त्याला वेळ असते. एकच माणूस बसला तरी ते वेळेवर जातं. गाडी भरली नाही हे सगळं खोटं आहे, तो तुला बनवतो आणि तू बनतेस.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मला म्हायती हाय."

मला वाटलं, ती माझं बोलणं टाळते आहे.

"तो पळत गेला ना त्या दिवशी आत?" ती म्हणाली. "भरल्यावर सुटनाऱ्या गाडीसाठी कोन पळतं? तवा इचारलं ते खरं इचारलं. घाटात येताना माझं मलाच कळलं."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही तिला हसत होतो आणि तीही आमच्याबरोबर हसत होती. मी विचारलं, मग त्याला का विचारतेस दर वेळी?

"तो काय सांगनार? साहेब सोडत नाय, पैसं कापतील. आईला असं सांगाया लागलं की पोराचं तोंड लहान हुतं. गाडी भरली नाय म्हनलं की कुनाचा गुन्हा नाय." थोडा वेळ ती दम खात बसली. मग माझा हात धरून म्हणाली, "त्याला नको सांगू. त्याला वाटू दे, आयला कळत नाय."

मी हो म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि राग कोणावर काढावा हेही कळलं नाही.

चैत्रात, सकाळी, चहा झाल्यावर आई गेली. कप तिने स्वतः उचलून मोरीत ठेवला होता. येऊन खाटेवर टेकली, मला हाक मारली, आणि मी ओले हात पुसत येईपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्यात नेलं, पण ते नेण्यापुरतं.

भावाला फोन केला तेव्हा तो कामावर होता. मी सांगितलं आणि पलीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज तेवढे येत राहिले. मग तो म्हणाला, निघतो. रजा, करार, कशाचं नाव त्याने काढलं नाही. मिळालं त्या विमानात बसला. एका दिवसात पोचतो म्हणाला होता, तसा तो निघाला.

आईला आम्ही गावी नेलं. ऊन मरणाचं होतं. मी काकांना म्हटलं, त्याची वाट बघू या. काका म्हणाले, दिवस मावळेपर्यंत बघू, त्यापुढे नाही ठेवता येत. अंगणात बायका तिच्या अंगावर ओलं फडकं फिरवत होत्या. माझ्या मोबाइलवर तीच रेघ होती आणि त्या रेघेवर एक इवलं विमान सरकत होतं. ते समुद्रावर असतानाच सूर्य डोंगराला टेकला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल कमरेला खोचला आणि उठले.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मुंबईहून गाडी करून, घाट उतरून-चढून, डोळे सुजलेले. हातात छत्रीसुद्धा नव्हती. माझ्या गळ्यात पडला आणि काय बोलला, तर म्हणाला, "ताई, विमान अर्धं रिकामं होतं गं. कितीतरी शीटा रिकाम्या. तरी वेळेवर सुटलं."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसं वाटलं. मी धरलं.

दिवस झाले. बाराव्याला काका म्हणाले, आता कणगी उघडू, घरची सगळी माणसं आहेत. भात गिरणीतून काढून आणलं, काकूने शिजवलं. काकांनी पळसाची पानं मांडली. भिंतीकडेला कणसरीचं पान, मग आजा-आजीचं, मग वडिलांचं. त्याच्या शेजारी त्यांनी अजून एक पान मांडलं आणि त्यावर भात वाढला. भाऊ बघत होता. त्याच्या समोर त्याचं पान होतं, तो त्याच्यापुढे मांडी घालून बसला होता. आईला हवं होतं तसं.

काका थकलेला माणूस. त्यांना ते विमानतळ आठवलं असावं, किंवा गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला आईने गाडी भरत नाही म्हणून सांगितलं होतं तेच त्यांनी खरं धरलं असावं. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवून, थट्टा नाही, अगदी मायेने विचारलं, "गाडी भराया लय येळ लागला का रं?"

भावाने मान खाली घातली. "हां काका. लय येळ लागला."

मग सगळे घासासाठी थांबलेले असताना तो माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, आयला खरंच तसं वाटायचं ना? विमान भरल्यावर सुटतं म्हणून?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी भिंतीकडच्या पानाकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "तिला काय कळत होतं विमानातलं."

त्याने डोळे पुसले. आम्ही सगळ्यांनी एकदम पहिला घास घेतला. नवा भात हाताला चिकटतो, त्याला एक वास असतो. हा मोकळा झाला होता. कणगीत राहून राहून जुना झाला होता.